तोतये, तह आणि ट्यूडर घराणं

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीची ओळख साधारणपणे अशी करून दिली जाते: काटकसरी, हिशेबी, लढाईचा कंटाळा असलेला, व्यापाराची कदर करणारा राजा. त्याच्या मुलाने, म्हणजे सहा बायका करणाऱ्या आठव्या हेन्रीने, जे उधळलं ते याने साठवलं होतं. परराष्ट्र धोरणाबद्दलही हेच सांगतात, की त्याने युद्धं टाळली, तह केले, व्यापार वाढवला आणि यादवीने थकलेल्या देशाला युरोपात पत मिळवून दिली. मला हे चित्र निम्मंच खरं वाटतं. तह त्याने पुष्कळ केले, पण ते एकापाठोपाठ एक वाचत गेलं की एकच चिंता पुन्हा पुन्हा डोकं वर काढते: माझ्या शत्रूला तुमच्याकडे थारा मिळता कामा नये. व्यापार, फ्रान्सच्या भूमीवरचा जुना हक्क, मित्राचे उपकार, पोटच्या मुलांची लग्नं, सगळं या चिंतेपुढे दुय्यम होतं. देशाच्या परराष्ट्र धोरणापेक्षा एका नव्या घराण्याने सरहद्दीबाहेर केलेला हा घरचा बंदोबस्त होता. आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच सोसला.

ही चिंता कुठून आली ते समजायला हेन्रीचं तरुणपण पाहावं लागतं. तो स्वतःच परक्या दरबारात वाढलेला दावेदार होता. १४७१ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, काका जॅस्पर ट्यूडरबरोबर तो इंग्लंडमधून निसटला आणि ब्रिटनीच्या ड्यूकच्या आश्रयाला गेला. ब्रिटनी तेव्हा फ्रान्सच्या वायव्य टोकावरची जवळजवळ स्वतंत्र डची होती. पुढची तेरा वर्षं तो तिथे निम्मा पाहुणा आणि निम्मा ओलीस म्हणून राहिला. १४८४ मध्ये ड्यूक आजारी असताना त्याचा कारभारी पिएर लांदे याने इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डशी परस्पर सौदा जमवला आणि हेन्रीला त्याच्या हवाली करायचं ठरवलं. बातमी फुटली. हेन्रीने नोकराचा वेश घेतला आणि सरहद्द ओलांडून फ्रान्स गाठलं. फ्रेंच दरबाराने त्याला पैसे, जहाजं आणि भाडोत्री सैनिक दिले. ७ ऑगस्ट १४८५ रोजी तो वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या रणांगणावर रिचर्ड मारला गेला. दोन आठवड्यांत राज्य बदललं.

पण हा एका माणसाचा चमत्कार नव्हता. आदल्या पंधरा वर्षांत असं तिसऱ्यांदा घडत होतं. १४७० मध्ये अर्ल ऑफ वॉरिक फ्रान्सच्या अकराव्या लुईची मदत घेऊन आला आणि त्याने चौथ्या एडवर्डला पळवून लावलं. पुढच्याच वर्षी एडवर्ड बर्गंडीच्या ड्यूककडून पैसे आणि जहाजं घेऊन परतला आणि गादी परत मिळवली. मग १४८५ मध्ये हेन्री. तिन्ही वेळा माणूस समुद्रावरून आला, तिन्ही वेळा खर्च परक्या राजाने केला. ‘गुलाबांच्या युद्धां’ची कहाणी सांगताना लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांच्या वैरावर सगळा भर दिला जातो, आणि त्या वैराला रसद कुठून मिळत होती हा प्रश्न मागे राहतो. हेन्रीला तो प्रश्न कुणी शिकवायची गरज नव्हती. कोणत्या दरवाजातून राज्यात शिरता येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो त्यातूनच आत आला होता.

त्यातून त्याचा गादीवरचा हक्कही लंगडा होता. तो आईकडून, ब्यूफोर्ट घराण्याकडून आलेला होता, आणि त्या शाखेला गादीचा वारसा मिळणार नाही अशी अट चौथ्या हेन्रीनेच घालून ठेवली होती. म्हणून त्याने पार्लमेंटकडून आपलं राजेपद मान्य करून घेतलं, १४८६ च्या जानेवारीत चौथ्या एडवर्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, आणि पोप आठव्या इनोसंटकडून त्या लग्नावर आणि स्वतःच्या राजेपदावर शिक्का घेतला. बंड करील त्याला धर्मबहिष्कृत करण्याची धमकी त्या आज्ञापत्रात होती. हेन्रीने त्याचं इंग्रजी भाषांतर छापून घेतलं. छपाईची कला इंग्लंडमध्ये येऊन दहा वर्षं झाली होती आणि राजाला तिचा उपयोग लगेच कळला. फ्रान्स आणि स्कॉटलंड यांच्याशीही त्याने पहिल्या वर्षभरातच तात्पुरते तह उरकून घेतले.

यातलं काहीच पुरलं नाही, हे पहिल्या तोतयाने दाखवून दिलं. लँबर्ट सिमनेल हा ऑक्सफर्डच्या एका साध्या घरातला दहाएक वर्षांचा पोरगा. त्याला आयर्लंडमध्ये यॉर्क घराण्याचा अर्ल ऑफ वॉरिक म्हणून उभं करण्यात आलं (१४७० चा वॉरिक वेगळा; हा चौथ्या एडवर्डचा पुतण्या). खरा वॉरिक लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. हेन्रीने त्याला बाहेर काढून राजधानीच्या रस्त्यांतून लोकांना दाखवलं, तरी २४ मे १४८७ रोजी डब्लिनमध्ये सिमनेलचा राज्याभिषेक झालाच. पुरावा समोर असताना खोटं टिकलं कसं? कारण त्या खोट्याला खऱ्या फौजेचा आधार होता. एडवर्ड आणि रिचर्ड यांची बहीण मार्गारेट ही बर्गंडीच्या ड्यूकची विधवा. फ्लँडर्स, म्हणजे आजच्या बेल्जियममधला मुलूख, बर्गंडीच्या ड्यूककडे होता; तिथल्या आपल्या जहागिरीवरून तिने मार्टिन श्वार्ट्‌झच्या हाताखाली सुमारे २,००० जर्मन भाडोत्री शिपाई पाठवले. तिसऱ्या रिचर्डचा भाचा जॉन दे ला पोल, अर्ल ऑफ लिंकन, त्यांच्याबरोबर होता. हे नाव लक्षात ठेवावं. त्याच्या धाकट्या भावांनी ट्यूडरांना पुढे चाळीस वर्षं झोपू दिलं नाही. १६ जून १४८७ रोजी स्टोकला लढाई झाली, लिंकन आणि श्वार्ट्‌झ दोघेही मेले, सिमनेल पकडला गेला. हेन्रीने त्याला मारलं नाही. त्याला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मांस भाजायची सळई फिरवायच्या कामावर ठेवलं. यामागे दयेपेक्षा हिशेब होता असं माझं मत आहे. पोरात दम नव्हता, दम होता मार्गारेटच्या तिजोरीत, आणि त्या तिजोरीवर इंग्लंडच्या राजाचा हुकूम चालत नव्हता.

तोतया म्हटलं की मराठी वाचकाला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवणारच. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्याने कोकणातले किल्ले घेऊन पुणे दरबाराला घाम फोडला होता. पण तो त्याच वर्षात संपला. भाऊ म्हणून त्याला दरबारी थाटात मिरवणारा, त्याच्या नावाने तह मोडणारा आणि करणारा परका राजा त्याला मिळाला नव्हता. हेन्रीचा दुसरा तोतया सहा वर्षं टिकला, तो अशाच राजांच्या जिवावर.

त्याच्याकडे वळण्याआधी ब्रिटनीचं प्रकरण सांगायला हवं, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा विरोध तिथूनच होऊ शकतो. १४८८ मध्ये फ्रान्सने ब्रिटनीचा पराभव केला, थोड्याच दिवसांत ड्यूक वारला आणि मागे त्याची अकरा वर्षांची मुलगी ॲन राहिली. पुढच्या फेब्रुवारीत हेन्रीने तिच्याशी तह केला आणि ६,००० सैनिक पाठवायचं मान्य केलं. ज्या फ्रान्सने गादी मिळवून दिली त्याच्याविरुद्ध, ज्या ब्रिटनीने आसरा दिला तिच्या बाजूने. इथे तर हेन्री देशाचं हित पाहत होता ना, असं कुणी विचारील. खाडीपलीकडचा तो लांब किनारा फ्रान्सच्या ताब्यात जाणं इंग्लंडला परवडणारं नव्हतं, हे खरंच आहे. पण तो या युद्धात किती उतरला ते पाहा. मोहिमेचा खर्च ब्रिटनीने भरून द्यायचा आणि तोवर किल्ले तारण ठेवायचे, ही अट त्याने आधीच घालून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेदिना देल काम्पोच्या तहाने स्पेनशी सोयरीक ठरवली, तीसुद्धा इंग्लंडला फ्रान्सशी लढायला बांधून घेणाऱ्या आणि स्पेनला सोयीने बाहेर पडू देणाऱ्या अटींवर. घरी कर बसवला तर यॉर्कशायरमध्ये दंगा उसळला आणि करवसुली करू पाहणाऱ्या अर्ल ऑफ नॉर्थंबरलंडला जमावाने ठार मारलं. आणि शेवटी, डिसेंबर १४९१ मध्ये ॲनने फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्याशीच लग्न केलं. ब्रिटनी गेली.

मग १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये, लढाईचा हंगाम सरत आला असताना, हेन्री मोठी फौज घेऊन कॅलेला, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पण इंग्लंडच्या ताब्यातल्या बंदरात, उतरला आणि बुलोनला वेढा घातला. चार्ल्सचं लक्ष इटलीकडे लागलेलं होतं, त्याला हे लचांड नको होतं. ३ नोव्हेंबरला एताप्लचा तह झाला. फ्रान्सने ७,४५,००० सोन्याचे क्राउन द्यायचे, दरवर्षी ५०,००० च्या हप्त्याने. हे आकडे पाठ्यपुस्तकांत येतात आणि हेन्रीच्या धूर्तपणाचा दाखला म्हणून वाखाणले जातात. युद्धासाठी प्रजेकडून पैसे घ्यायचे आणि युद्ध न करण्यासाठी शत्रूकडून, हा त्याच्यावरचा जुना टोमणा आहे. पण मला त्या तहात पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते बंडखोरांना थारा न देण्याचं कलम. त्या वर्षी फ्रेंच दरबारात एक नवा पाहुणा राहत होता: ‘इंग्लंडचा चौथा रिचर्ड’.

हा पर्किन वॉरबेक. मूळचा तूर्नेचा, नावाड्याच्या घरातला. १४९१ मध्ये एका व्यापाऱ्याचं रेशीम अंगावर मिरवत तो आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात उतरला आणि लोकांना त्याच्यात टॉवरमध्ये नाहीसा झालेला चौथ्या एडवर्डचा धाकटा मुलगा रिचर्ड दिसला. चार्ल्सने त्याला बोलावून राजपुत्राचा मान दिला तो इंग्लंडचं सैन्य ब्रिटनीच्या भानगडीत होतं म्हणून. एताप्लनंतर घालवून दिला तो इटलीची मोहीम महत्त्वाची होती म्हणून. हा मुलगा खरा की खोटा, याच्याशी दोन्ही निर्णयांचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे तो मार्गारेटकडे गेला. तिने ‘भाच्या’ला ओळखलं. जर्मन मुलखांचा सम्राट मॅक्सिमिलियन यानेही ओळखलं आणि १४९३ मध्ये व्हिएन्नात आपल्या बापाच्या अंत्यविधीच्या वेळी त्याला राजाच्या मानाने वागवलं. स्पेनची राणी, कास्तिलची इसाबेला, हिला त्याने पत्र लिहिलं. तिने मात्र ओळखलं नाही, कारण तिला हेन्री हवा होता. प्रत्येक दरबाराची स्मरणशक्ती त्याच्या गरजेप्रमाणे चालत होती.

आणि इथेच हेन्रीने तो निर्णय घेतला ज्यावरून त्याची पारख करायला हवी. १४९३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने फ्लँडर्सशी होणारा व्यापार बंद केला. इंग्लंडच्या निर्यातीत कापड आणि लोकर सोडली तर फारसं काही नव्हतं आणि कापडाची मोठी बाजारपेठ होती अँटवर्प. तिथून इंग्रज व्यापाऱ्यांना उठवून कॅलेला जायला सांगण्यात आलं. समोरूनही बंदी आली. याची झळ पहिल्यांदा कुणाला बसली? त्या ऑक्टोबरात लंडनच्या उमेदवार कारागिरांनी हान्सा या जर्मन शहरांच्या व्यापारी संघाच्या वखारीवर हल्ला केला. इंग्रज व्यापाऱ्याचा धंदा बुडत असताना हान्सावाल्यांचा माल मात्र बिनबोभाट येत-जात होता, हा त्यांचा राग. या बंदीला व्यापारी कारण शोधूनही सापडत नाही. एका विधवा डचेसने एका तरुणाला घरात ठेवून घेतलं होतं, एवढंच कारण. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ देशाचा मुख्य धंदा या एका माणसापायी अडकून पडला. ‘व्यापाराची कदर करणारा राजा’ हे विशेषण वापरणाऱ्यांनी हा काळ वगळू नये.

फेब्रुवारी १४९६ मध्ये बर्गंडीशी जो तह झाला, तो ‘महान व्यापारी करार’ म्हणून प्रसिद्ध आहे. जकाती ठरल्या, इंग्रज व्यापाऱ्यांना बाजार पुन्हा खुला झाला, फ्लँडर्सवाल्यांनाही बरंच मिळालं. नाव व्यापाराचं आहे आणि व्यापारापुरतं ते खोटंही नाही. पण त्यातच हेही लिहिलं आहे की एकमेकांच्या बंडखोरांना आश्रय द्यायचा नाही, आणि मार्गारेटने तो दिलाच तर तिच्या वैधव्यातल्या जहागिरी काढून घ्यायच्या. स्वतः बंद केलेला बाजार पुन्हा उघडताना हेन्रीने हे कलम मिळवलं. बाजार उघडण्याचं श्रेय त्याला द्यायचं, तर बंद करण्याचा दोषही त्याच्याच पदरात पडतो.

तोवर पाहुणा स्कॉटलंडला पोचला होता. चौथ्या जेम्सने त्याला पेन्शन दिली आणि आपल्या नात्यातली कॅथरिन गॉर्डन ही मुलगीही दिली. १४९६ च्या सप्टेंबरात स्कॉट सैन्य त्याला घेऊन सरहद्द ओलांडून आलं, थोडी जाळपोळ करून परत गेलं. या लहानशा स्वारीच्या उत्तरादाखल हेन्रीने मोठ्या युद्धाची तयारी केली आणि पार्लमेंटकडून जबर कर मंजूर करून घेतला. देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या कथील खाणींच्या मुलखात, लोकांनी विचारलं की उत्तरेच्या सरहद्दीचा खर्च आम्ही का द्यायचा? मायकेल जोसेफ नावाचा लोहार आणि टॉमस फ्लॅमांक नावाचा वकील यांच्यामागे हजारो माणसं सबंध इंग्लंड चालत ओलांडून लंडनच्या वेशीपर्यंत आली. १७ जून १४९७ रोजी ब्लॅकहीथवर त्यांची कत्तल झाली, दहा दिवसांनी म्होरक्यांना फाशी. हे लोक यॉर्कच्या बाजूने उठले नव्हते. तोतयाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्याला रोखण्यासाठी लावलेल्या कराविरुद्ध ते उठले होते. मग सप्टेंबरमध्ये वॉरबेक उतरला कुठे, तर कॉर्नवॉलमध्येच, आणि तिथे त्याच्यामागे माणसं उभी राहिली. तोतयाचा बंदोबस्त करणाऱ्या धोरणानेच त्याला देशात पहिल्यांदा पाय टेकायला जागा करून दिली, हा विरोधाभास हेन्रीच्या चाहत्यांनी नीट पाहिलेला मला दिसत नाही.

घराण्याची सुरक्षितता आणि देशाची शांतता एकच नव्हती का, असा प्रश्न इथे रास्त आहे. बऱ्याच अंशी होती. पुन्हा एखादा दावेदार समुद्रावरून येऊन राजा झाला असता, तर सरदार पुन्हा दोन फळ्यांत वाटले गेले असते आणि माणसं पुन्हा मेली असती. हेन्रीच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याला हेच दरवाजे बंद करावे लागले असते, हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘माझी गादी सुरक्षित म्हणजे देश सुरक्षित’ हे समीकरण राजाने मांडणं स्वाभाविक आहे. आपण पाचशे वर्षांनंतर ते जसंच्या तसं उचलायचं कारण नाही. अँटवर्पच्या पेठेत माल नेणारा, लंडनमधला उमेदवार कारागीर, कॉर्नवॉलचा खाणकामगार यांच्या दृष्टीने ही बरोबरी जुळत नव्हती, आणि त्यांनी ते आपल्या परीने, दंगे करून आणि मरून, सांगितलंही होतं. राज्यकर्ता परदेशात काही मिळवून आला की ते देशाने मिळवलं असं लिहिण्याची सवय इतिहासकारांना जुनीच आहे. ते मिळवण्यासाठी काय गहाण पडलं हे विचारल्याशिवाय असं लिहू नये.

सर्वांत जड किंमत मोजली ती टॉवरमधल्या एका कैद्याने. वॉरबेक शरण आला, त्याने आपण कोण ते कबूल केलं, दरबारात नजरकैदेत राहिला, पळू पाहिला, टॉवरमध्ये गेला. तिथे खरा अर्ल ऑफ वॉरिक होता. वयाच्या दहाव्या वर्षापासून कोंडलेला, आता चोविशीतला, कुणाचं काही बिघडवायची ज्याला संधीच मिळाली नव्हती असा. दोघांनी मिळून कट केला असा आरोप ठेवण्यात आला. २३ नोव्हेंबर १४९९ रोजी वॉरबेकला टायबर्नवर फासावर चढवलं, २८ तारखेला वॉरिकचं डोकं उडवलं. पुढच्या जानेवारीत स्पेनचा वकील दे पुएब्ला याने आपल्या राजा-राणीला कळवलं की आता या राज्यात संशयास्पद राजरक्ताचा एक थेंबही उरलेला नाही. इसाबेला आणि फर्डिनंड यांना आपली मुलगी डळमळत्या गादीवर द्यायची नव्हती. सोयरीक बोलून दहा वर्षं झाली होती, हुंडा २,००,००० क्राउन ठरला होता आणि इंग्लंडच्या गादीला युरोपातल्या सर्वांत उगवत्या घराण्याचं नातं मिळणार होतं. १४ नोव्हेंबर १५०१ रोजी सेंट पॉलच्या चर्चमध्ये हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरिन यांचं लग्न थाटात लागलं. पाच महिन्यांत आर्थर वारला. वॉरिकच्या मोबदल्यात मिळवलेलं नातं टिकवायला हेन्रीने ती मुलगी धाकट्या मुलासाठी अडकवून ठेवली, हुंड्यावरून घासाघीस करत सात वर्षं तिला पैशांनाही मोताद केलं. त्या वागण्यात मला मुत्सद्देगिरी दिसत नाही, कोतेपणा दिसतो.

स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याला मनापासून दाद द्यावी लागते, कारण तिथे त्याने सर्वांत कमी खर्चात सर्वांत टिकाऊ गोष्ट मिळवली. कॉर्नवॉलच्या धक्क्यानंतर युद्धाचा नाद त्याने सोडला. १५०२ च्या जानेवारीत कायम शांततेचा तह झाला. १३२८ नंतर या दोन राज्यांमधला असा तो पहिलाच. पुढच्या वर्षी हेन्रीची तेरा वर्षांची मुलगी मार्गारेट चौथ्या जेम्सला दिली. दोन्ही मुलगे गेले तर इंग्लंड स्कॉटलंडच्या घशात जाईल, अशी भीती सल्लागारांनी बोलून दाखवली तेव्हा मोठं राज्यच लहानाला ओढून घेईल असं हेन्री म्हणाल्याचं सांगतात. १६०३ मध्ये याच लग्नाच्या वंशातला सहावा जेम्स लंडनला येऊन राजा झाला. त्या लग्नामागे एवढी दूरदृष्टी होती असं मी मानत नाही. हेन्रीला हवं होतं ते एवढंच, की फ्रान्सशी बिनसलं तर उत्तरेचं दार उघडं राहू नये.

उरलेल्या वर्षांत मुलगा गेला, १५०३ मध्ये राणी गेली, गादीला एकच मुलगा उरला आणि भीतीने पुन्हा घर केलं. लिंकनचा भाऊ एडमंड दे ला पोल, अर्ल ऑफ सफक, १५०१ मध्ये पळून मॅक्सिमिलियनकडे गेला होता. त्याला थारा देऊ नये म्हणून हेन्रीने सम्राटाला १०,००० पौंड दिले. नाव तुर्कांविरुद्धच्या लढाईचं. १५०४ मध्ये हान्सा व्यापाऱ्यांच्या सगळ्या जुन्या सवलती कायद्याने परत देऊन टाकल्या, त्यांनी सफकला हात देऊ नये म्हणून. आपल्याच व्यापाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. अकरा वर्षांपूर्वी ज्या वखारीवर लंडनची पोरं चालून गेली होती, तीच ही हान्सा. शेवटी नशिबाने साथ दिली. जानेवारी १५०६ मध्ये कास्तिलला निघालेल्या बर्गंडीच्या फिलिपची जहाजं वादळाने इंग्लंडच्या किनाऱ्याला लावली. हेन्रीने त्याची अपार सरबराई केली, विंडसरला नेलं, आणि सफक हाती देण्याचं वचन घेतल्यावरच त्याची सुटका झाली. त्याच वेळी लादलेला व्यापारी करार इतका एकतर्फी होता की फ्लँडर्सवाल्यांनी त्याला ‘दुष्ट करार’ म्हटलं आणि तो कधी अमलात आला नाही. सफक मात्र आला. जीव घेणार नाही या शब्दावर तो टॉवरमध्ये गेला.

१५०९ मध्ये हेन्री अंथरुणात मेला आणि त्याचा मुलगा विनाविरोध राजा झाला. पंचाहत्तरहून जास्त वर्षांत बाप मेल्यावर मुलगा शांतपणे गादीवर बसून तिथे टिकला असं इंग्लंडमध्ये झालेलं नव्हतं, म्हणजे धोरण साधलं असं म्हणायला हरकत नाही. पण साधलं काय? दावेदार संपले नव्हते, त्यांना पोसणारे दरबार तेवढे गप्प होते. आठव्या हेन्रीला बापाची सावधगिरी पटत नव्हती. त्याला फ्रान्स जिंकायचा होता. त्याने फ्रान्सशी वैर धरताच १५१२ मध्ये बाराव्या लुईने सफकच्या धाकट्या भावाला, रिचर्ड दे ला पोलला, इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली. हेन्रीने बापाचा शब्द मोडून १५१३ मध्ये टॉवरमधल्या सफकचं डोकं उडवलं. त्याच वर्षी कायम शांततेचा तहही फ्लॉडनच्या रणांगणावर मेला, आणि त्यावर सही करणारा चौथा जेम्सही. रिचर्डसाठी पुढच्या वर्षी फ्रान्सने फौज गोळा केली, तेवढ्यात इंग्लंडशी समेट झाला आणि लुईने त्याला लॉरेनमधल्या मेत्स शहरी धाडून दिलं. पुढे फ्रान्स आणि इंग्लंडचं बिनसलं तेव्हा पहिल्या फ्रान्सिसने त्याला पुन्हा जवळ केलं. त्याचा शेवट इंग्लंडच्या कुठल्याही तहाने किंवा पैशाने झाला नाही. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी इटलीत पाविया इथे, फ्रान्सच्या बाजूने सम्राटाच्या सैन्याशी लढताना तो मारला गेला.